रानातल्या आवाजांना लेबल लावायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्यातल्या एका महाविद्यालयाच्या गटाने कास, बामणोली, ठोसेघर आणि चाळकेवाडी अशा चार ठिकाणी ऑडिओमॉथ (आपोआप आवाज टिपणारी छोटी यंत्रं) लावून पावसाळ्यात सुमारे ३०० तासांचं रेकॉर्डिंग जमवलंय. त्यातून आठ पक्षी आणि दोन बेडूक ओळखणारं संगणकीय मॉडेल तयार करायचंय. लेबल लावायला, म्हणजे कोणता आवाज कधी आला हे नोंदवायला, पाच विद्यार्थी आहेत, लॅपटॉप जुने आहेत, पैसे नाहीत. मोफत सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, आणि ऑडॅसिटी हे आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर पुरेल का?

ऑडॅसिटी पुरेल. पण तेवढ्यावर थांबलात तर सहा महिन्यांनी असा प्रश्न विचाराल की लेबलं तर भरपूर आहेत, मग मॉडेल पावसालाच पक्षी का म्हणतंय. तुमची खरी अडचण सॉफ्टवेअरची नाही. जिथे लेबल लावलेलं नाही त्या सेकंदांचं काय समजायचं, हे ठरलेलं नाही ही अडचण आहे. एखाद्या मिनिटात तुम्ही पावशाला दोन ठिकाणी लेबल लावलंत. उरलेल्या वेळात पावशा नव्हता? की होता, पण लांबून येत होता म्हणून सोडला? की विद्यार्थ्याने ते मिनिट अर्धंच ऐकलं? मॉडेलला या तिन्हींतला फरक कळत नाही. लेबल नाही म्हणजे आवाज नाही, असंच ते शिकतं. त्यामुळे मी सॉफ्टवेअर निवडताना पहिली गोष्ट बघतो ती ही, की ‘हा भाग पूर्ण तपासला’ अशी नोंद त्यात करता येते का. रंग, झूम आणि शॉर्टकट यांचा विचार त्यानंतर.

दुसरी गोष्ट लेबलच्या आकाराची. मॉडेल अख्खी फाइल एकदम ऐकत नाही, तुकडे करून ऐकतं. बर्डनेट हे पक्ष्यांचे आवाज ओळखणारं तयार मॉडेल ३ सेकंदांचे तुकडे घेतं आणि आवाज ४८ किलोहर्ट्झवर (सेकंदाला ४८,००० नमुने) मागतं. गूगलचं तसंच मॉडेल पर्च ५ सेकंद आणि ३२ किलोहर्ट्झवर चालतं. तुमच्याकडे पाच माणसं आणि जुने लॅपटॉप आहेत, तेव्हा मॉडेल शून्यापासून शिकवण्याच्या फंदात पडू नका. यांपैकी एखाद्या तयार मॉडेलवर स्वतःचा वर्गीकारक (आवाज कोणत्या प्रजातीचा हे ठरवणारा भाग) चढवायचा, हाच व्यवहार्य मार्ग. मग ‘या ३ सेकंदांत अमुक आहे का’ एवढंच सांगणारं लेबल पुरतं. पण मी तरीही हाकेची सुरुवात आणि शेवट नोंदवायला सांगेन. सुरुवात-शेवट असला की त्यातून ३ सेकंदांचे तुकडे पाडता येतात आणि उद्या ५ सेकंदांचेही. तुकड्यावर लावलेल्या लेबलातून हाकेची नेमकी वेळ मात्र परत काढता येत नाही. वारंवारतेची चौकट, म्हणजे खालची-वरची हर्ट्झ मर्यादा, प्रत्येक हाकेला काढत बसू नका. त्यात वेळ फार जातो आणि ही मॉडेलं ती चौकट वापरतही नाहीत. एकाच वेळी तिघे बोलत असतील आणि नंतर तपासणाऱ्याला गोंधळ होईल असं वाटलं, तर तेवढ्यापुरती काढा.

आता सॉफ्टवेअर. ऑडॅसिटी जुन्या लॅपटॉपवर चालतं, विद्यार्थ्यांना पटकन जमतं. ट्रॅक स्पेक्ट्रोग्राममध्ये (वेळ आडवी, वारंवारता उभी असं आवाजाचं चित्र) दाखवा, स्केल लिनिअर ठेवा, वरची मर्यादा १२,००० हर्ट्झ करा. हाकेवर माउस ओढून कंट्रोल-बी दाबलं की लेबल तयार. शेवटी ‘एक्स्पोर्ट लेबल्स’ केलं की साधी टेक्स्ट फाइल मिळते. त्यात सुरुवात, शेवट आणि नाव असे टॅबने वेगळे केलेले तीन रकाने असतात आणि वेळ सेकंदात. स्पेक्ट्रल सिलेक्शन (वारंवारतेसकट निवड) चालू ठेवून लेबल लावलं असेल तर प्रत्येक नोंदीखाली उलट्या तिरक्या रेघेने सुरू होणारी एक जादा ओळ येते, ती वारंवारतेची. फाइल वाचणारा प्रोग्राम लिहिताना हे माहीत नसलं की सगळे रकाने सरकतात. ‘रेग्युलर इंटरव्हल लेबल्स’ नावाचं साधनही त्यात आहे. ठरावीक अंतराने रिकामी लेबलं आपोआप पडतात आणि तुम्ही फक्त नाव भरत जायचं. ३ सेकंदांच्या तुकड्यांवरच काम करायचं ठरलं तर हे फार सोयीचं आहे.

ऑडॅसिटीत चूक होते ती वेळेच्या बाबतीत. लेबलची वेळ प्रोजेक्टच्या शून्यापासून मोजली जाते, फाइलच्या शून्यापासून नाही. एका प्रोजेक्टमध्ये दोन फाइली एकामागून एक ओढल्या, किंवा शांतता नको म्हणून सुरुवातीचे दहा सेकंद कापले, की पुढची सगळी लेबलं मूळ फाइलच्या तुलनेत सरकलेली निघतात आणि त्याचा पत्ता लागत नाही. नियम एकच: एक फाइल, एक प्रोजेक्ट, काटछाट नाही. दुसरं म्हणजे लेबलच्या टेक्स्ट फाइलमध्ये मूळ आवाजाच्या फाइलचं नाव कुठेही नसतं. दोन्हींचं नाव जुळवून ठेवणं तुमच्या हातात. तिसरं, प्रत्येक प्रजातीसाठी वेगळा लेबल ट्रॅक केलात तरी एक्स्पोर्ट करताना सगळे ट्रॅक एकाच फाइलमध्ये येतात, म्हणून प्रजातीचं नाव ट्रॅकच्या शीर्षकात न ठेवता लेबलमध्येच लिहा.

रेव्हन हे कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं सॉफ्टवेअर. लाइट आवृत्ती मोफत आहे, पण तिच्यात सोयी कमी. प्रोसाठी परवाना लागतो. स्पेक्ट्रोग्राम सुंदर दिसतो, निवड करून नाव देणं झटपट होतं, आणि संशोधनात रेव्हनचं सिलेक्शन टेबल बरंच चालतं, त्यामुळे बाहेरच्या कुणाचा डेटा मिळाला तर तो याच स्वरूपात असण्याची शक्यता मोठी. त्या टेबलात दोन ठिकाणी फसगत होते. वेव्हफॉर्म (आवाजाच्या लहरीचं चित्र) आणि स्पेक्ट्रोग्राम दोन्ही उघडे असतील तर एकाच निवडीच्या दोन ओळी टेबलात येतात. वेव्हफॉर्मच्या ओळी गाळल्या नाहीत तर उदाहरणांचा आकडा दुप्पट दिसतो. आणि अनेक फाइली सलग उघडल्या असतील तर सुरुवातीची वेळ सगळ्या फाइलींची बेरीज धरून येते. मूळ फाइलचं नाव आणि त्या फाइलमधली वेळ हे रकाने आधीच निवडून ठेवावे लागतात. विसरलात तर नंतर प्रत्येक फाइलची लांबी वजा करत बसावं लागतं.

व्हॉम्बॅट हे तुलनेने नवं, मुक्त स्रोत असलेलं सॉफ्टवेअर. ते पायथॉनवर चालतं, एका संगणकावर बसवलं की ब्राउझरमध्ये उघडतं. रेकॉर्डिंगमधून क्लिपा पाडून त्यांची ‘कामं’ तयार करता येतात, आणि प्रत्येक कामावर पूर्ण झालं, तपासलं, नाकारलं अशी खूण करता येते. माझी पहिली अट तीच होती. बसवताना थोडी खटपट आहे. संगणकशास्त्र विभागातलं कुणी मदतीला असेल तर हे घ्या. नसेल तर ऑडॅसिटी आणि जोडीला एक साधी स्प्रेडशीट. तिच्यात फाइलचं नाव, कितव्या सेकंदापासून कितव्या सेकंदापर्यंत पूर्ण ऐकलं, कुणी ऐकलं, कुठल्या तारखेला, आणि कोणत्या प्रजाती शोधत होतो, एवढे रकाने. शेवटचा रकाना लोक गाळतात. दहा प्रजातींची यादी घेऊन ऐकलेल्या मिनिटात रातव्याचं लेबल नसेल, तर त्याचा अर्थ रातवा तुमच्या यादीत होता की नव्हता यावर ठरतो. पुढच्या वर्षी यादीत अकरावी प्रजाती आली की जुनी सगळी मिनिटं तिच्यापुरती ‘न तपासलेली’ होतात.

सोनिक व्हिज्युअलायझर, कॅलिडोस्कोप आणि वेबवरचं आर्बिमॉन या आवाज तपासायच्या साधनांचाही उल्लेख होईलच. वाईट नाहीत. पण साताऱ्याहून १०० जीबी वर चढवायचे असतील तर वेबवरच्या साधनाचा विचार नेटचा वेग बघून करा. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, एक चॅनेल या हिशोबाने तासाला साधारण ३४६ एमबी होतात, म्हणजे ३०० तासांचे जवळपास १०४ जीबी. जागा वाचवायला एमपी३ करू नका. त्यात वरच्या पट्टीतला तपशील जातो, आणि काही फाइली एमपी३, काही वेव्ह असल्या तर मॉडेल तो फरकही शिकतं. जागेची ओढ असेल तर फ्लॅक वापरा, त्यात काही गमावत नाही.

३०० तास सगळे ऐकायचे नाहीत. ३०० तास म्हणजे १८,००० मिनिटं, आणि पहाटेचं गजबजलेलं एक मिनिट लेबल लावायला दहा मिनिटंही खातं. त्यातून साधारण ६०० मिनिटं निवडा. निवड चिठ्ठ्या टाकून करा, पण ठिकाण, महिना आणि दिवसाचा प्रहर यांचे कप्पे पाडून. ‘छान आवाज आहेत’ म्हणून निवडलेली मिनिटं घेतलीत तर मॉडेलला छान आवाजच ओळखता येतील, आणि खऱ्या रेकॉर्डिंगचा बहुतांश भाग छान नसतो. ६०० मिनिटांचे ३ सेकंदांचे १२,००० तुकडे होतात. त्यांतल्या बऱ्याच तुकड्यांत काहीच नसेल, आणि तेही कामाचेच आहेत. प्रहराचे कप्पे पाडताना ऑडिओमॉथच्या फाइलनावातली वेळ तपासा. सेटिंग बदललं नसेल तर ती जागतिक प्रमाणवेळ असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. ००:४० नावाची फाइल मध्यरात्रीची नाही, सकाळी ६:१० ची आहे.

दुर्मीळ प्रजाती चिठ्ठीत फारशा येणार नाहीत. त्यांच्यासाठी सगळ्या रेकॉर्डिंगवर बर्डनेट चालवा आणि त्याने सुचवलेल्या जागा ऐका. इथे दोन पथ्यं. बर्डनेट प्रत्येक ओळखीला ० ते १ असे गुण देतं, पण ०.९ म्हणजे ९० टक्के खात्री नव्हे, प्रत्येक प्रजातीला तो आकडा वेगळा वागतो. म्हणून नुसते वरच्या गुणांचे तुकडे न घेता ०.१ ते ०.३, ०.३ ते ०.६ आणि त्यावरचे, असे तिन्ही थरांतून घ्या. दुसरं, अशा शोधून काढलेल्या तुकड्यांवर फक्त शिकवा, परीक्षा घेऊ नका. बर्डनेटला जे मुळात ऐकूच आलं नाही ते त्या ढिगात नसतंच. परीक्षा चिठ्ठीने निवडलेल्या मिनिटांवरच. आणि बेडकांच्या बाबतीत बर्डनेटवर विसंबू नका, आपल्याकडचे बेडूक तुम्हालाच कानाने शोधावे लागतील.

परीक्षेसाठी एक अख्खं ठिकाण बाजूला काढा, समजा ठोसेघर. सगळे तुकडे एकत्र पिसून त्यातले २० टक्के वेगळे काढले तर त्याच पक्ष्याची त्याच यंत्रावरची पुढची हाक परीक्षेत येते. निकाल झकास दिसतो आणि दुसऱ्या डोंगरावर मॉडेल तोंडावर पडतं. चाळकेवाडीची वेगळी काळजी घ्या. तिथे पवनचक्क्यांची घरघर जवळजवळ प्रत्येक फाइलमध्ये असणार. तुमची बिनपक्ष्यांची उदाहरणं बहुतेक तिथलीच असतील तर ‘घरघर म्हणजे पक्षी नाही’ असा सोपा धडा मॉडेल घेईल, आणि चाळकेवाडीच्या पठारावरचा चंडोल त्याला कधीच सापडणार नाही. घरघरीतला पक्षी, घरघरीविना पक्षी, घरघर एकटी आणि नुसती शांतता हे चारही प्रकार हवेत. कासच्या सप्टेंबरमधल्या गाड्या-पर्यटकांना, बामणोलीच्या लाँचला आणि पत्र्यावरच्या पावसालाही हेच लागू. बर्डनेटवर स्वतःचा वर्गीकारक शिकवताना प्रत्येक प्रजातीचा एक फोल्डर करायचा असतो. इंग्रजीत नॉइज किंवा बॅकग्राउंड असं नाव दिलेला फोल्डर ते ‘यातलं काहीच नाही’ म्हणून धरतं. तो फोल्डर भरगच्च ठेवा. पहिल्या खेपेला पावसाचा पावशा होतो तो बहुधा तो फोल्डर रिकामा असल्यामुळे.

प्रजातीमागे किती उदाहरणं लागतील, हे आवाजावर अवलंबून आहे. टिटवीसारखा ठसठशीत, एकाच वळणाचा आवाज ५० तुकड्यांत जमतो. शीळकरी कस्तूर लांबलचक आणि दरवेळी वेगळी शीळ घालतो, त्याला १५० तुकडेही कमी पडू शकतात. पण एका सकाळी एकाच यंत्रावर मिळालेल्या शंभर हाकांपेक्षा चार ठिकाणच्या, वेगवेगळ्या अंतरावरच्या तीस हाका जास्त उपयोगी. कमी पडल्या तर झेनो-कँटो या पक्ष्यांच्या आवाजांच्या संकेतस्थळावरून घेता येतात. मात्र तिथली बरीच रेकॉर्डिंग्ज जवळून, दिशादर्शी माइकने केलेली, एमपी३ मध्ये असतात. त्यांत तुमच्या यंत्रावरचा वारा-पाऊस मिसळूनच शिकवायला वापरा, परीक्षेला नको. प्रत्येक रेकॉर्डिंगचा परवानाही वेगळा असतो, तो नोंदवून ठेवा.

पाच जण लेबल लावणार म्हणजे पाच सवयी. म्हणून पहिल्या आठवड्यात पाचही जणांनी तीच ३० मिनिटं स्वतंत्रपणे करावीत आणि मग समोरासमोर बसून फरक बघावेत. भांडण प्रजातीच्या नावावरून कमी होतं, ‘किती अंधुक हाक धरायची’ यावरून जास्त. मी सुचवतो तो नियम असा: हेडफोनवर ऐकू येते आणि स्पेक्ट्रोग्रामवर दिसतेही, तर धरा. दोन्हींपैकी एकच असेल तर ‘शंका’ असं लेबल लावा. शंकेचे तुकडे शिकवताना ना होकारात घ्यायचे ना नकारात, सरळ वगळायचे. दोन हाकांत १ सेकंदापेक्षा कमी अंतर असेल तर एकच लेबल, जास्त असेल तर दोन. ३ सेकंदांच्या तुकड्यात हाकेचा अर्ध्या सेकंदाहून कमी भाग आला असेल तर तो तुकडाही वगळा. हे आकडे देवाने दिलेले नाहीत, तुम्ही वेगळे ठरवा. पण ठरवा, लिहून ठेवा, आणि मधेच बदलू नका.

स्पेक्ट्रोग्रामची मांडणीही पाचही लॅपटॉपवर एकच हवी. ४८ किलोहर्ट्झवर १०२४ नमुन्यांची खिडकी (चित्र काढताना एका वेळी घेतलेला आवाजाचा तुकडा) घेतली तर वेळेत सुमारे २१ मिलिसेकंद आणि वारंवारतेत सुमारे ४७ हर्ट्झ इतका बारकावा मिळतो. पक्ष्यांना ते बरं. झुडपी बेडकांची टिक्-टिक् फार आखूड असते, ती या खिडकीत पसरट दिसते. त्यासाठी २५६ किंवा ५१२ करा. भारद्वाजाचा घुमारा काहीशे हर्ट्झवरच असतो, तो वाऱ्याच्या आवाजात बुडतो, तिथे २०४८ लावून बघा. वारा घालवायला म्हणून १ किलोहर्ट्झखालचं सगळं गाळणारे आहेत. त्यांच्या डेटात भारद्वाज उरत नाही.

बेडकांचा समूह हे वेगळंच प्रकरण आहे. जुलैच्या रात्री डबक्याजवळ एकेक हाक सुटी करणं अशक्य. अशा वेळी समूह सुरू झाल्यापासून थांबेपर्यंत एकच लेबल आणि नावापुढे ‘समूह’. त्या गदारोळात दुसरी प्रजाती ओरडत असण्याची शक्यता असेल आणि ऐकू येत नसेल, तर तो पट्टा तिच्यासाठी ‘तपासला’ असं लिहू नका. पुन्हा तोच पहिला मुद्दा. नक्कल करणाऱ्यांचंही ठरवून घ्या. पल्लवपुच्छ कोतवाल दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढतो. त्याने सर्पगरुडाची शीळ घातली तर लेबल कोतवालाचं, शेरा ‘नक्कल’. अशी उदाहरणं शिकवायला न वापरलेलीच बरी, पण वेगळी ठेवा. मॉडेल कुठे फसतं हे बघायला ती नंतर उपयोगी पडतात.

लेबलमध्ये नावं देवनागरीत लिहायचा मोह होतो. लिहू शकता, पण फाइल एक्सेलमध्ये उघडून परत साठवली की अक्षरांची रांगोळी होते, शिवाय ऱ्हस्व-दीर्घामुळे एकाच पक्ष्याचे तीन वर्ग तयार होतात. शास्त्रीय नावावरून सहा रोमन अक्षरांचे संकेत ठरवा, त्यांची मराठी नावांशी जोड एका वेगळ्या तक्त्यात ठेवा. अनोळखी आवाजाला ‘अज्ञात १’, ‘अज्ञात २’ असे संकेत द्या. अंदाजाने नाव ठोकू नका.

परवानगीचंही बघा. कोयना अभयारण्य २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. बामणोलीचं यंत्र नेमकं कुणाच्या हद्दीत होतं ते पाहून वन विभागाचं पत्र डेटासोबत जोडून ठेवा. कासला लोकांच्या गप्पा रेकॉर्ड झाल्या असतील. त्या तुकड्यांना ‘माणूस’ लेबल लावा आणि डेटा कुणाला देताना ते काढून टाका.

सगळं झाल्यावर, मॉडेल शिकवायच्या आधी, अंतिम तक्त्यातल्या पन्नास ओळी चिठ्ठीने काढा. प्रत्येक ओळीत लिहिलेल्या फाइलमधून लिहिलेल्या वेळेचा तुकडा प्रोग्रामने कापा आणि कानाने ऐका. एखादी ओळ चुकली तर ती लेबल लावणाऱ्याची चूक. एकाच फाइलच्या सगळ्या ओळी सारख्याच अंतराने सरकल्या असतील तर वेळेचा घोळ आहे, मग त्या फाइलचा प्रोजेक्ट उघडून सुरुवातीला काही कापलंय का ते बघा.